माणसं भारतात, नोकरी अमेरिकेच्या संरक्षण क्षेत्रात: सिक्युरिटी क्लिअरन्सचा अर्ज कसा भरावा

अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या कंपनीत नोकरीही लागली, आणि एक दिवस ईमेल येतो: एसएफ-८६ भरा. म्हणजे सिक्युरिटी क्लिअरन्सचा, गोपनीय सरकारी माहिती हाताळण्याच्या परवानगीचा, फॉर्म. आपल्या लोकांची गडबड इथून सुरू होते. काही जण घाबरून मामा-मावश्या, गावची जमीन, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) यातलं जमेल तेवढं गाळतात. काही जण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची साठ नावं लिहून मोकळे होतात. दोघांचेही अर्ज अडकतात, पण पहिल्याचे हाल जास्त.

आई-वडील पुण्यात राहतात म्हणून कुणी आपोआप अपात्र ठरत नाही. दुहेरी नागरिकत्व आहे म्हणूनही नाही. ८ जून २०१७ पासून लागू असलेल्या निकषांत एकूण तेरा मुद्दे आहेत. त्यातला 'ब' परकीय प्रभावाचा, 'क' परकीय पसंतीचा, म्हणजे दुसऱ्या देशाकडे कल असण्याचा. ते दोन आपल्या कामाचे. पण अनेक अर्ज गाळलेल्या माहितीमुळे, म्हणजे 'इ' या वैयक्तिक वर्तनाच्या मुद्द्यावर घसरतात. आणि गाळणारे सगळेच लबाड नसतात. आपल्या घरातली नाती आणि मालमत्ता ज्या पद्धतीनं मांडलेली असतात, तशी फॉर्ममध्ये मांडलेली नसतात. म्हणून फॉर्म उघडण्याआधी घराची फेरमांडणी करायची. खालचा क्रम त्यासाठी आहे. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर वकील गाठाच.

पायरी १: आधी पात्रता पाहा

क्लिअरन्ससाठी स्वतःहून अर्ज करता येत नाही. सरकारी खातं किंवा कंत्राटदार कंपनी तुम्हाला पुढे करते. कंपनीतला सुरक्षा अधिकारी, ज्याला सगळे एफएसओ म्हणतात, तुमच्यासाठी ई-अ‍ॅप या ऑनलाइन प्रणालीत फॉर्म उघडून देतो. अमेरिकेचं नागरिकत्व हवंच, ग्रीन कार्डवर भागत नाही. 'क्लिअरन्स काढून देतो' म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर त्याला नमस्कार करून निघा.

पायरी २: कागद गोळा करा, फॉर्म उघडू नका

या पायरीला दोन-तीन शनिवार-रविवार द्या. फॉर्म उघडल्यावर मुदत सुरू होते, आणि रात्री अकरा वाजता भारतात फोन लावून 'बाबा, तुमची जन्मतारीख नक्की कोणती?' विचारण्याची वेळ येते.

हे हाताशी ठेवा: नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, सगळे जुने-नवे पासपोर्ट (रद्द झालेला भारतीय पासपोर्टसुद्धा), पासपोर्ट सरेंडर केल्याचं प्रमाणपत्र, ओसीआय कार्ड, दहा वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या, सात वर्षांतल्या परदेश प्रवासाच्या तारखा. आई-वडील किंवा भावंडं अमेरिकेचे नागरिक झाले असतील तर त्यांच्या प्रमाणपत्रांचे क्रमांक. भारतातल्या बँक खात्यांची यादी.

आता आपल्याकडच्या खास अडचणी. जुन्या पिढीत कित्येकांची खरी जन्मतारीख वेगळी आणि शाळेत गुरुजींनी लावलेली १ जून वेगळी. अधिकृत कागदावर असेल ती लिहा आणि फरक शेऱ्यात नोंदवा. बायकांची नावं हा दुसरा प्रश्न. लग्नात नाव बदलण्याची रीत असल्यामुळे माहेरचं नाव, सासरचं नाव, पासपोर्टवरचं नाव अशी तीन-तीन नावं निघतात. अर्जदार स्वतः स्त्री असेल तर ही सगळी 'आधी वापरलेली नावं' या विभागात जातात. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग कुठे वेगळं पडलं असेल तर तेही तिथेच. आणि 'मु. पो.' एवढाच पत्ता असलेल्या गावासाठी गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड लिहा. घर क्रमांक मनानं ठोकून देऊ नका.

तपासून पाहा: तुम्ही याआधी इमिग्रेशनला दिलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रत आहे का? तपासनीस ते कागद मागवू शकतो. नागरिकत्वाच्या अर्जात दोन भावंडं आणि इथे तीन, असं दिसलं की प्रश्न येणार.

पायरी ३: नातेवाईकांची विभागणी

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश.

विभाग १८ मध्ये ठरावीक नाती विचारली आहेत: आई, वडील, मुलं, सख्खी भावंडं, सासू, सासरे, तसंच सावत्र आणि दत्तक नाती. हयात असोत वा नसोत, लिहायचे. वडील वीस वर्षांपूर्वी वारले म्हणून लोक त्यांना वगळतात. तसं करू नका.

मराठीत मावसभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ, सगळे 'भाऊ'च. इंग्रजीतही आपण 'कझिन ब्रदर' म्हणतो आणि भरता भरता चुलतभाऊ सख्ख्या भावाच्या रकान्यात जातो. विभाग १८ मध्ये त्याला जागा नाही. मामा, मावशी, काका, आत्या, मेहुणा, साडू, नणंद, दीर, वहिनी यांनाही नाही. पण म्हणून ते फॉर्मबाहेर गेले असं नाही. त्यांच्यासाठी विभाग १९ आहे.

विभाग १९ विचारतो: गेल्या सात वर्षांत असा कोणी परदेशी नागरिक आहे का, ज्याच्याशी तुमचा जवळचा किंवा सततचा संपर्क आहे आणि ज्याच्याशी तुम्ही किंवा तुमचा जोडीदार माया, प्रभाव, समान हितसंबंध किंवा बांधिलकीच्या नात्यानं बांधलेले आहात? संपर्क आणि बंध, दोन्ही हवेत. गणपतीला दरवर्षी ज्याच्या घरी उतरता आणि दर आठवड्याला ज्याच्याशी बोलता तो मामा इथे येतो. ग्रुपवर रोज 'शुभ सकाळ'चं फूल टाकणारा, पण दहा वर्षांत न भेटलेला दूरचा काका येत नाही. कॉलेजचा जिवलग मित्र मात्र येतो, नातं नसलं तरी. जोडीदाराकडचे लोकही मोजायचे, हे लोक हमखास विसरतात.

मी एक साधी चाचणी लावतो. हा माणूस उद्या अडचणीत सापडला तर मी पैसे पाठवीन का, विमानात बसेन का? उत्तर 'हो' आलं तर नाव लिहा.

प्रत्येक परदेशी व्यक्तीबद्दल पहिला आणि शेवटचा संपर्क, संपर्काचं माध्यम, किती वेळा, नोकरी कुठे, आणि त्या देशाच्या सरकार, लष्कर, सुरक्षा दल, संरक्षण उद्योग किंवा गुप्तचर संस्थेशी संबंध आहे का, हे विचारलं जातं. शेवटचा प्रश्न महाराष्ट्रातल्या घरांना जड जातो. पाषाणच्या डीआरडीओ प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले काका, नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमधला भाऊ, खडकी किंवा अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यातले सासरे, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली बहीण. अशी माणसं आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांचा संबंध लिहायचाच, निवृत्त असले तरी. पद, वर्षं, निवृत्तीची तारीख, पेन्शन कुणाकडून मिळते, सगळं. झेडपी शाळेतली शिक्षिका, तलाठी, सरपंच, सरकारी बँकेतला कारकून यांचीही नोंद करा आणि काम काय आहे ते एका ओळीत सांगा. त्याचं वजन किती धरायचं, ते वाचणारा ठरवील.

सावध: नातेवाइकाला 'तुझं खातं नक्की काय काम करतं?' असं खोदून विचारू नका. जेवढं तुम्हाला सहज ठाऊक आहे तेवढंच लिहा. बाकी 'माहीत नाही' हे उत्तर चालतं.

पायरी ४: नागरिकत्व, पासपोर्ट, ओसीआय

१९५५ च्या भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. त्यामुळे भारतातून थेट अमेरिकेत येऊन नागरिक झालेला माणूस दुहेरी नागरिक नसतो. ओसीआय हे नागरिकत्व नव्हे: त्यावर मत देता येत नाही, घटनात्मक पद घेता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. नावात 'सिटिझन' असल्यानं तपासनीसाचाही घोळ होतो. म्हणून विभाग १० च्या शेऱ्यात ओसीआय कधी घेतलं, कशासाठी घेतलं आणि त्यानं कोणते हक्क मिळत नाहीत, हे चार ओळींत स्वतःच लिहा.

याच विभागात दुसरा प्रश्न आहे: दुसऱ्या देशाचा पासपोर्ट कधी मिळाला होता का? 'कधी' म्हणजे आयुष्यात कधीही. भारतीय पासपोर्ट रद्द झाला, कोपरा कापून परत आला, तरी उत्तर 'हो'च. इथे 'नाही' लिहिणारे मी सर्वाधिक पाहिले आहेत, आणि जन्मस्थान सांगली लिहून खाली परदेशी पासपोर्ट 'नाही' हे कुणालाही खटकणारच.

खरे दुहेरी नागरिक आपल्यात आहेत, फक्त वाट वेगळी असते. मुंबई–टोरांटो–टेक्सास असा प्रवास केलेल्यांचं कॅनडाचं नागरिकत्व अमेरिकी शपथेनंतरही टिकतं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचे मुलगे-मुली आणि नातवंडं पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून नागरिकत्व मागू शकतात. आजोबांनी किंवा वडिलांनी ती नोंद आधीच केली आहे का, हे घरी विचारून घ्या. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएल कुटुंबातून पुढे अमेरिकेत आलेल्यांनी तिथलं नागरिकत्व आणि सैन्यातली सेवा, दोन्ही मांडायला हवीत. सेवेसाठी विभाग १५ आहे.

अशांनी काय करायचं? दुसरं नागरिकत्व नुसतं असणं अडत नाही. ते लपवणं, किंवा त्यातून अमेरिकेच्या हिताशी प्रत्यक्ष विरोध निर्माण होणं, हे अडतं. पूर्वी परदेशी पासपोर्ट जमा करायला किंवा नष्ट करायला सांगत. २०१७ च्या निकषांत ती अट नाही. त्यामुळे तो कात्रीनं कापून फोटो जोडण्याची गरज नाही. मात्र अमेरिकेत येताना आणि तिथून निघताना अमेरिकेचाच पासपोर्ट दाखवायचा. तसं न करणं ही चूक खुद्द निकषांत नोंदलेली आहे.

तपासून पाहा: नोकरीचा अर्ज चालू असताना 'पुढेमागे उपयोगी पडेल' म्हणून पोर्तुगीज पासपोर्टची फाइल लिस्बनला पाठवलीत का? पाठवली असेल तर तारखेसह सांगा. विचारात असाल तर आत्ता थांबा. नवं नागरिकत्व मागणं हा 'क' मुद्द्यातला पहिला प्रश्न आहे.

पायरी ५: पैसा, घर, सातबारा

विभाग २० च्या पहिल्या भागात परदेशी आर्थिक हितसंबंध विचारले आहेत, तुमचे, जोडीदाराचे आणि अवलंबून असलेल्या मुलांचे. इथेही 'कधीही' आहे. म्हणजे बंद केलेलं खातंही लिहायचं.

आपली यादी साधारण अशी निघते: एनआरई आणि एनआरओ ही अनिवासी भारतीयांची बँक खाती, कॉलेजात उघडलेलं आणि विसरलेलं बचत खातं, मुदत ठेवी, पीपीएफ, वडिलांनी लहानपणी काढलेली एलआयसीची पॉलिसी, डीमॅट, म्युच्युअल फंड, आईबरोबरचं संयुक्त खातं, पुण्यातला भाड्यानं दिलेला फ्लॅट. आजीनं ठेवलेलं लॉकरमधलं सोनं तुमचं की आईचं, हे मात्र घरी आधी ठरवून घ्या.

सातबारा हा माझ्या स्वतःच्या अर्जातला खड्डा. वडील गेल्यावर तलाठ्यानं वारसनोंद केली आणि गावच्या जमिनीवर चुलतभावांबरोबर माझंही नाव लागलं. मला वाटायचं, जमीन काकांची. अर्ज पाठवून महिना झाल्यावर महाभूलेखवर उतारा पाहिला तर मी सहहिस्सेदार. त्याच दिवशी एफएसओला लेखी कळवलं. कुणी पकडण्याआधी स्वतःहून केलेली दुरुस्ती निकषांत तुमच्या बाजूनं धरली जाते, एवढं पदरात पडलं. तुम्ही आधीच उतारा काढा. अनिवासी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नसली तरी वारशानं ती येते, आणि तशीच येते, न सांगता.

याच भागातले आणखी दोन प्रश्न लोक चुकवतात.

परदेशी नागरिकाला कधी आर्थिक मदत केली का? आईला दरमहा पाठवलेले पैसे, भाचीची कॉलेजची फी, काकांच्या ऑपरेशनला दिलेले दोन लाख, हे सगळं मदतीत येतं. आपल्याला ते 'मदत' वाटत नाही, कर्तव्य वाटतं. फॉर्मला त्या फरकाशी देणंघेणं नाही. रक्कम अंदाजे लिहा आणि अंदाज असल्याचं सांगा.

परदेशी मालमत्ता घेण्याचा किंवा मिळण्याचा संभव आहे का? फ्लॅट आई-वडिलांच्या नावावर आहे आणि तुम्ही एकुलते एक आहात, तर तेही शेऱ्यात येऊ द्या.

सावध: इथली यादी तुमच्या करविवरणाशी जुळली पाहिजे. परदेशी खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरावा लागतो. एसएफ-८६ मध्ये पाच खाती आणि एफबार कधीच भरलेला नाही, अशी स्थिती असेल तर अर्जाआधी कर सल्लागाराकडे जा. तो विषय मग आर्थिक वर्तनाच्या 'फ' मुद्द्यात जातो. भारत सोडल्यावरही साधं निवासी बचत खातं तसंच चालू असेल तर ते एनआरओ करून घ्या. तो भारताचा नियम आहे, पण प्रश्न इथे विचारला जातो.

पायरी ६: सरकार, मतदान, प्रवास

भराभर. परदेशी निवडणुकीत कधी मत दिलंत का? भारतात असताना दिलं असेल तर 'हो', तेव्हा भारतीय नागरिक होतो असा शेरा. मतदार यादीत अजून नाव असेल तर काढायला अर्ज करा आणि त्याची पोच ठेवा. नातेवाइकांना व्हिसा किंवा ग्रीन कार्डसाठी प्रायोजित केलं असेल तर तेही विभाग २० मध्येच. भारतात सरकारी नोकरी केली असेल तर विभाग १५ पुन्हा वाचा, तिथे फक्त लष्कर नाही, परदेशी सरकारी संस्थाही आहे. प्रवासाच्या तारखा पासपोर्टच्या शिक्क्यांवरून आणि विमान कंपनीच्या ईमेलवरून जुळवा. दुबईत उतरून बाहेर पडला असाल तर दुबईही लिहा.

पायरी ७: पाठवण्याआधी

संपूर्ण फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेवा. मग विभाग १८ मधली भारतातली माणसं, विभाग १९ मधली माणसं, पैसे पाठवलेल्यांची यादी आणि प्रवासात भेटलेले लोक, चारही एकत्र ठेवून वाचा. ज्या मावशीला पैसे पाठवले ती विभाग १९ मध्ये नाही, ज्या मित्राकडे पंधरा दिवस राहिलात त्याचं कुठेच नाव नाही, अशा फटी इथेच सापडतात. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघराज्य कायद्याखाली, अठराव्या भागाच्या कलम १००१ प्रमाणे, पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

तात्पुरता क्लिअरन्स मिळाला नाही तर घाबरू नका. परदेशी संबंध असले की तो थांबणं नवल नाही, आणि अंतिम निर्णय त्यावरून ठरत नाही.

पायरी ८: मुलाखत

तपासनीस फॉर्म घेऊन बसतो आणि ओळीनं विचारतो. त्याला निर्णय द्यायचा नसतो, माहिती पडताळायची असते. त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही.

'भारतापेक्षा अमेरिका प्रिय आहे का?' अशा वळणाचा प्रश्न आला की आपले लोक एक तर भाषण देतात किंवा आई-वडिलांशी संबंध नसल्यासारखं बोलतात. दुसरं जास्त घातक. जवळच्या नात्यातला संपर्क सहजी किरकोळ मानला जात नाही, मग 'क्वचित बोलतो' म्हणालात आणि फोनची नोंद रोजची निघाली तर काय? सरळ सांगा: आईशी रोज बोलतो, नोकरीबद्दल तिला एवढंच ठाऊक आहे की मी इंजिनिअर आहे. कुणी तिच्यामार्फत दबाव आणला तर काय कराल, याचं उत्तर तयार असू द्या: एफएसओला लगेच कळवीन.

पायरी ९: कारणांचं पत्र आलं तर

काही वेळा निर्णयाऐवजी 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' येतं. त्यात मुद्द्यागणिक आक्षेप असतात. संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांच्या प्रकरणात लेखी उत्तराला २० दिवस मिळतात. प्रत्येक आक्षेपाला 'मान्य' किंवा 'अमान्य' असं स्पष्ट उत्तर द्यायचं आणि सुनावणी हवी की कागदांवर निर्णय, हे कळवायचं. या टप्प्यावर वकील कराच. शंका राहिली तर ती देशाच्या सुरक्षेच्या बाजूनं सोडवली जाते, तुमच्या नाही.

उत्तरात उपयोगी पडतो तो तराजू. एका पारड्यात भारतातली माणसं आणि मालमत्ता, दुसऱ्यात इथलं आयुष्य. नाशिकचा ४० लाखांचा फ्लॅट एकटा मोठा दिसतो. इथलं घर, निवृत्तीचा निधी, इथेच जन्मलेली आणि शिकणारी मुलं, पंधरा वर्षांची नोकरी यांच्या शेजारी ठेवला की आकार कळतो. म्हणून आकडे कागदासह द्या: घराचं कर्जपत्र, खात्यांची विवरणं, मालमत्तेचा हिस्सा दाखवणारा उतारा भाषांतरासह. 'आम्ही देशप्रेमी आहोत' अशी शेजाऱ्यांची पाच पत्रं एका चांगल्या उताऱ्याची जागा घेत नाहीत. भारताशी संबंध असलेल्या अर्जदारांचे जुने निर्णय, नावं वगळून, संरक्षण खात्याच्या सुनावणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. हरलेल्यांचे आधी वाचा.

पायरी १०: मिळाल्यानंतर

क्लिअरन्स मिळाला की वही बंद करायची नाही. वैयक्तिक परदेश प्रवास निघण्याआधी कळवायचा, परतीच्या वाटेवर कार्यक्रम बदलला तर तो बदलही. परदेशी नागरिकत्व किंवा पासपोर्टसाठी अर्ज केला तर कळवायचं. जवळीक वाढलेली नवी परदेशी ओळख कळवायची. टॉप सीक्रेटवाल्यांची यादी आणखी लांब असते, त्यात परदेशी बँक खातं, मालमत्ता आणि परदेशी मतदानही येतं.

भारतातून परतल्यावर बॅग उघडण्याआधी तारखा, मुक्कामाचे पत्ते आणि नव्यानं भेटलेली माणसं लिहून काढा. लग्नात शेजारच्या पाटावर बसलेल्या ज्या दूरच्या भावानं तुमच्या प्रकल्पाबद्दल तीन वेळा विचारलं, त्याचं नावही. पुढच्या वर्षीपर्यंत ते आठवणार नाही.